त्रुटीआक्कांना खुलं पत्र

प्रति,
आदरणीय त्रुटीआक्का,
शिष्यवृत्ती पोर्टल, 'अर्जाची सद्यःस्थिती' या खिडकीच्या आतल्या बाजूला.

सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, यंदाही तुमचा हंगाम चांगला आहे. आमचा गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीचं पाणी आमच्या धाराशिव जिल्ह्यात परंड्याच्या शिवारात घुसलं, भूमकडे ओढ्यांनी वाटा सोडल्या, माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. सोयाबीन कुजलं, जनावरं वाहिली, आणि पत्र्याच्या पेटीतल्या कागदांचा लगदा झाला. तुमच्या पिकाला मात्र अतिवृष्टी बाधत नाही. दुष्काळ तर मानवतोच.

ओळख सांगतो. मी तालुक्याच्या गावी ऑनलाइन सेंटर चालवतो. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये माझी डी.एड.ची पदविका. तिच्याखाली दरपत्रक: झेरॉक्स, पीक विमा, पॅनकार्ड, शिष्यवृत्तीचा फॉर्म. फॉर्मचे शंभर. तुम्ही परत पाठवलात तर दुरुस्तीचे पन्नास. तेव्हा आक्का, मी तक्रारदार नाही. मी तुमच्या पन्नासावर जगणारा माणूस आहे. शासनाने मला शिक्षक व्हायला शिकवलं, कमावता तुम्ही केलंत. हे आभाराचं पत्र समजावं.

गेल्या साली दिवाळीच्या तोंडावर भूमकडच्या एका वस्तीवरून बाप-लेक आले होते. बाप खव्याच्या भट्टीला दूध घालतो. पोरीचा बी.एड.ला नंबर लागलेला, मेरिटवर. युरियाच्या धुतलेल्या पिशवीत कागद.

"आधार नंबर टाक बाई," म्हटलं. टाकला.

"ओटीपी?"

पोरीने बापाकडे बघितलं, बापाने रस्त्याकडे. आधारला जोडलेला मोबाइल थोरल्या भावाचा, आणि भाऊ कोयता घेऊन कारखान्याच्या टोळीबरोबर उसाला गेलेला. फोन लावला तर तो संपर्कक्षेत्राच्या बाहेर. अंगठ्याने उघडावं तर मशीन त्या दिवशी 'डिव्हाइस नॉट रजिस्टर्ड' म्हणून रुसलेलं. दोघं समोरच्या हॉटेलात बसून राहिली. दिवेलागणीला भाऊ गाडीबरोबर कारखान्याच्या गेटवर पोचला, त्याला रेंज आली, त्याने आपणहून फोन केला, "भाऊ, कोणता नंबर पायजे सांगा." तेव्हा आमच्याकडची लाईट गेली होती.

बाप काय म्हणाला असेल? काही नाही. "उद्या येतो," म्हणाला, आणि चहाचे पैसे द्यायला लागला. माझ्या चहाचेसुद्धा.

फॉर्म भरला एकदाचा. मग तुमचं काम सुरू झालं. जानेवारीत तुम्ही तो परत पाठवलात: रेशनकार्डावर वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे, आधारवर नाही. आक्का, त्या माणसाला उभ्या आयुष्यात राव म्हणणारा एकच लेखनिक भेटला, तो रेशनकार्ड लिहिणारा, आणि तेवढा मानही तुम्ही ठेवू दिला नाही. सेतूच्या खेपा झाल्या, तहसीलला अर्ज झाला, माझे पन्नास झाले. कॉलेजच्या टेबलावरून फॉर्म पुढच्या टेबलावर गेला. तिथून तुमची पाकळी उमलली: उत्पन्नाचा दाखला अस्पष्ट. अस्पष्टच होता तो. गरिबीचे कागद स्पष्ट कुठून यायचे? चौथ्या झेरॉक्सची ती पाचवी झेरॉक्स.

यंदा ती दुसऱ्या वर्षाला आहे. नूतनीकरणाचा अर्ज करायचाय. आणि मूळ कागद सप्टेंबरात पाण्यात गेले. तयारीत राहा.

तुमच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक सांगतो. तुमचा जन्म वाईट हेतूने झालेला नाही. पूर्वी शिष्यवृत्तीचा पैसा संस्थांच्या हातून जायचा, आणि काही संस्थांच्या हजेरीपटावर अशी पोरं होती की जी आईच्या पोटीच आली नव्हती. २०१६च्या सुमारास त्याच्या चौकशीला राज्याला विशेष पथक नेमावं लागलं. म्हणून २०१७-१८ मध्ये महाडीबीटी पोर्टल आलं: पैसा सरळ लेकराच्या खात्यात, मधल्या कोणाला हात लावायला जागा नाही. विचार बरोबर होता. पहिल्याच वर्षी यंत्रणा इतकी अडखळली की पुन्हा कागदी अर्जांवर यावं लागलं, ते सोडून देऊ. लबाडांसाठी चाळणी आणली, लबाड चाळणी विकायला बसले, आणि अडकलं ते खव्याच्या भट्टीला दूध घालणाऱ्याचं नाव.

पुढे तर पैशालाही दोन वाटा फुटल्या. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के, असं २०२०-२१ पासून ठरलं. आधी राज्याने आपलं द्यायचं, मग केंद्राचं येणार. दोन्ही थेट विद्यार्थ्याच्या खात्यावर, त्यातली फी त्याने कॉलेजला नेऊन भरायची. म्हणजे ज्या खात्यात पाचशे रुपये टिकत नाहीत तिथे वीस हजार येऊन पडणार, आणि घरात आईचं दुखणं, बचत गटाचा हप्ता आणि दुकानदाराची उधारी असताना पोराने ते उचलून सरळ कॉलेजात पोचवायचे. बहुतेक पोरं पोचवतात, हे मला सेंटरवर बसून दिसतं. एवढी सचोटी तुम्ही कुठल्या कागदावर मागितली नव्हती, म्हणून तिची नोंद कुठे नाही.

मध्यंतरी 'रिडीम' नावाचं बटण होतं. मंजूर झालेले पैसे पोराने लॉगिन करून 'मला पाहिजेत' असं सांगितल्याशिवाय हलायचे नाहीत. हे सांगायला मुद्दाम गावातून कोणी येत नसे, त्यामुळे कितीतरी पोरांची शिष्यवृत्ती आपणहून लाजत बसलेली मी पाहिली आहे.

आणि मिळते किती? बी.ए., बी.एस्सी. घरून येऊन-जाऊन शिकणाऱ्या अनुसूचित जातीच्या पोराला फीशिवाय हातात पूर्वी महिन्याला ३०० रुपये होते. मग दर सुधारले. आता वर्षाला ३,००० आहेत. विद्यापीठाचे दहा महिने धरून तुम्हीच हिशेब करा, सुधारणा सापडली तर कळवा. पालकांच्या उत्पन्नाची अडीच लाखांची रेघ २०१३ साली मारली, ती पुढे दशकभर हलली नाही. डिझेल हललं, खत हललं, पेंड हलली. गरिबी तेवढी कायद्याने स्थिर.

कॉलेजवाल्यांना शासन परिपत्रक काढून सांगतं की शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या पोरांकडून फी मागू नका. परिपत्रक फलकावर लागतं. त्याच फलकाच्या शेजारच्या खिडकीत बाबू म्हणतो, "शिष्यवृत्ती आली की परत देऊ, आत्ता भर." मग बाप म्हैस काढतो. शिष्यवृत्ती गरिबाला असते आक्का, पण तिची वाट बघायला ऐपत लागते. पैसा येतो तोवर पदवी झालेली असते आणि म्हशीचं दुसरं वेत झालेलं असतं, दुसऱ्याच्या दावणीला.

हे सगळं जोतीराव फुल्यांना आधीच दिसलं होतं, असं म्हणायला हरकत नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांचं म्हणणं होतं की चढाओढीने वाटलेल्या शिष्यवृत्त्या दिसायला न्यायाच्या, पण जिथे शिक्षण पोचलंच नाही तिथे त्या पोचत नाहीत; अशा वर्गांना त्या मुद्दाम द्या. त्याच निवेदनात प्राथमिक शाळेचे मास्तर कसे असावेत तेही होतं: शेतकऱ्यांच्या घरातले, वेळ पडली तर नांगराचं रुमणं नाहीतर सुताराचा वाकस हातात धरू शकणारे. पगार १२ रुपयांच्या खाली नको.

जोतीरावांचं निम्मं स्वप्न आमच्या जिल्ह्याने पुरं केलंय. डी.एड. झालेले आणि रुमणं धरणारे इथे गावोगाव आहेत. शाळा तेवढी द्यायची राहिली.

कारण शिष्यवृत्ती संपली की भावी शिक्षकाचा खरा अर्ज सुरू होतो. मी डी.एड. झालो तेव्हा गल्लोगल्ली अध्यापक विद्यालयं होती. २०१२ साली भरती बंद झाली. २०१३ साली टीईटी ही पात्रता परीक्षा आली, पास झालो. २०१७ साली अभियोग्यता चाचणी आली, दिली. मग नावाचंच पवित्र असं एक पोर्टल आलं, तिथे पसंतीक्रम भरले, स्वतःचे आणि शंभर रुपये घेऊन इतरांचे. लागणाऱ्याला पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. ते मानधन २०२३ मध्ये ६,००० वरून १६,००० झालं, प्राथमिकला. आनंद झाला. त्याच साली जुलैत शासनाने ठरवलं की रिकाम्या जागांवर निवृत्त गुरुजी घ्यावेत, महिना २०,००० देऊन. पेन्शन असलेल्या आजोबाला वीस, घर मांडायला निघालेल्या नातवाला सोळा. तुम्ही त्या आदेशात काही त्रुटी काढली नाहीत. २०२४ मध्ये युवा कार्यप्रशिक्षण आलं: पदविकावाल्याला ८,०००, पदवीवाल्याला १०,०००, काही महिन्यांपुरतं. त्या पैशात पोरांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत वर्ग चालवले. पुन्हा घरी.

एक शंका मात्र मनात राहिली आहे. २०२१च्या डिसेंबरात टीईटीच्या घोटाळ्यात परीक्षा परिषदेच्या आयुक्तांनाच अटक झाली. हजारो नापासांना पास दाखवल्याचं प्रकरण ते. वडिलांच्या नावातला 'राव' तुम्हाला लांबून दिसतो. मग त्या दिवसांत तुम्ही रजेवर होतात का?

जाता जाता आपल्या जिल्ह्याचा एक दाखला देतो, तुम्हाला आवडेल. लोहारा तालुक्यातल्या हिप्परग्याला १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली, निजामाच्या राज्यात, सरकारी छदामाशिवाय. पुढे तिथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे मुख्याध्यापक आले. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते तेच. आज ते अर्ज घेऊन माझ्या सेंटरवर आले असते, तर शेरा तयार आहे: 'शैक्षणिक कागदपत्रांवरील नाव व आधारवरील नाव जुळत नाही, राजपत्र जोडावे.' त्यातून शाळेच्या जुन्या कागदावर जिल्हा उस्मानाबाद आणि २०२३ नंतरच्या कागदावर धाराशिव. दोन खेपांची बेगमी. माझे शंभर.

तरी आक्का, तुम्हाला काही मागणं नाही. फक्त भूमकडची ती पोरगी यंदा नूतनीकरणाला येईल, तेव्हा तिच्याकडे तहसीलदारांचा नवा, कोरा, ठळक दाखला असेल. वडिलांचं नाव सगळीकडे एकसारखं करून घेतलंय, 'राव' गाळून. भावाने उसाला जाताना सिमकार्ड तिच्याकडे ठेवलंय आणि स्वतः बिनफोनचा गेलाय. तुम्हाला काढण्यासारखं मी काही शिल्लक ठेवलेलं नाही. यातून माझे पन्नास बुडतात, ते बुडू देत.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
एक पात्र उमेदवार
(डी.एड., टीईटी उत्तीर्ण, सध्या फॉर्म भरून मिळतील)

ता. क. : पत्राची पीडीएफ जोडली आहे. ठरलेल्या केबीत बसत नव्हती, म्हणून दोन परिच्छेद काढावे लागले. तक्रारी त्यात होत्या.