ओळखलंत का?

आमच्या नातेवाइकांना एक खेळ फार आवडतो. लग्नाच्या हॉलमध्ये मी निवांत बसलेलो असतो. कुणीतरी येतं, माझा हात गच्च धरतं आणि मुद्दाम घोगरा आवाज काढून विचारतं, "ओळखा पाहू, मी कोण?"

मी जन्मांध आहे, ज्योतिषी नाही. पाचशेच्या नोटेवर दोन्ही कडांना उठावाच्या पाच पाच रेघा असतात, त्यामुळे कोरी नोट मी बोटांनी ओळखतो. नातेवाईक तेवढीही खूण देत नाहीत. बरं, ओळखलं नाही तर "मोठे झालात हो, विसरलात आम्हाला!" आणि ओळखलं तर त्याहून वाईट. "बघा, देव एक काढून घेतो, पण दुसरं काहीतरी देतोच!" हे 'दुसरं काहीतरी' म्हणजे गळा, असं सर्वांनी परस्पर ठरवलेलं आहे. मग गाण्याचा आग्रह होतो. मी गायला लागलो की मात्र तेच लोक जेवणाची पानं मांडलीत का ते बघायला उठतात.

हल्ली मला या खेळावर उतारा सापडलाय. "ओळखा पाहू" म्हटलं की मी आनंदाने म्हणतो, "अरे व्वा! माझे दहा हजार द्यायचे राहिलेत, ते तुम्हीच ना?" समोरचा तत्काळ नाव, आडनाव, गाव आणि वडिलांचं नावही सांगून टाकतो.

लग्नात निदान लोक माझ्याशी बोलतात तरी. हॉटेलात वेटर बायकोला विचारतो, "यांना काय आणू?" ती म्हणते, "त्यांनाच विचारा की." मग तो माझ्या कानाशी वाकून ओरडतो, "साहेब! मिसळ! तिखट! चालेल?" मला तिखट चालतं, हे त्या दिवशी अख्ख्या हॉटेलला कळतं.

म्हणून बँकेत चेकबुक मागायला मी एकटाच गेलो. काउंटरवरच्या साहेबांचा पहिला प्रश्न : "बरोबर कुणी नाही का?"

"पैसे माझे आहेत, म्हणून मीच आलो."

"तसं नाही हो, पण चेकबुक म्हणजे जोखीम. तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

माझ्या भल्याची काळजी घेणारी माणसं मला नेहमी काउंटरपलीकडेच भेटतात. अंध खातेदारांना चेकबुक, एटीएम, लॉकर यांतलं काहीही नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेने 2008 सालीच सगळ्या बँकांना बजावलंय. ते परिपत्रक माझ्या फोनमध्ये असतं. मी फोन काउंटरवर ठेवला, आवाज वाढवला आणि स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या बाईंना कामाला लावलं. बाईंनी ठणठणीत इंग्रजीत, कुठेही न अडखळता सुरुवात केली. मागची रांग गप्प झाली. बाई "विदाउट एनी डिस्क्रिमिनेशन"पर्यंत पोचल्या, तेव्हा साहेबांची खुर्ची करकरली. बहुधा ते उठून उभे राहिले असावेत.

"बरोबर आहे, मॅडम," ते अदबीने फोनला म्हणाले. "लगेच करतो, मॅडम."

फॉर्म आला. सही कुठे करायची, हेही त्यांनी मॅडमनाच समजावलं. चेकबुक देताना मात्र साहेबांचा नाइलाज झाला. मॅडमना हात नसल्यामुळे ते मलाच द्यावं लागलं.