मुंडकं भिंतीवर नको

आमच्या जिल्ह्यात २०१९च्या डिसेंबरात एक वाघ पायी आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर. शेतं, रस्ते, तेलंगणाची हद्द ओलांडत सुमारे १३०० किलोमीटर चालून तो ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ‘वॉकर’ हे नाव त्याने पायांनी कमावलं. त्याच जिल्ह्यात बंगल्याला राजेशाही थाट यावा म्हणून संस्थानी शिकारीतलं वाघाचं मुंडकं विकत मिळेल का, असं कुणी विचारलं की राग येतो.

मिळणार नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती विक्री बंद आहे, मालकीचा दाखला असला तरीही. वारशाने घरात राहील, बाजारात जाणार नाही. कायदा मोडलात तर तीन ते सात वर्षं कैद.

आणि थाट कसला? म्हैसूरच्या व्हॅन इंगेन या एका पेढीने वाघ-बिबट्यांच्या ४३ हजारांहून अधिक ट्रॉफ्या घडवल्या. कागदाच्या लगद्याच्या साच्यावर कातडं चढवायचं, जबडा वासलेला ठेवायचा. कारागिरी अव्वल, पण तो संताप कारागिराने बसवलेला. साहेब आणि राजे मचाणावर बसत. हाकारा घालत रानातून वाघासमोर जायचे ते गावचे गडी. त्यांचं नाव भिंतीवरच्या पाटीवर कधी आलं नाही. शौर्य मोजायचं तर त्यांचं मोजा.

त्या जुन्या कातड्यांचा खरा उपयोग प्रयोगशाळेत झाला. संग्रहालयांतले शिकारीच्या काळातले नमुने तपासून शास्त्रज्ञांनी २०१३मध्ये दाखवून दिलं, की त्यांच्यात सापडलेल्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएच्या प्रकारांपैकी ९३ टक्के आजच्या भारतीय वाघांत आढळत नाहीत. केवढं गेलं, हे त्या कातड्यांनीच सांगितलं.

म्हणून पणजोबांची शिकार दाखल्यासह ज्यांच्या घरी आहे, त्यांनी २०२२ची दुरुस्ती वाचावी. कामकाजाचे सात दिवस आधी सूचना देऊन ती वस्तू मुख्य वन्यजीव रक्षकांकडे सोपवता येते. मोबदला मिळत नाही. सोबत एक कागद जोडा: वाघ कोणत्या रानात, कोणत्या साली, कोणी मारला, हाकाऱ्याला कोण होते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आठवतंय तोवर त्यांना विचारून घ्या.