लेखकराव, मुक्काम पोस्ट उमरखेड

मे महिन्यात भर दुपारी दोन वाजता उमरखेडच्या बसस्टँडसमोरून कोणी जाकीट घालून चाललेला दिसला, तर एकतर त्याच्या घरी लग्न असतं, नाहीतर तो कादंबरीकार असतो. आमचे भाऊ दुसऱ्या वर्गात मोडतात. असा एक गृहस्थ हल्ली प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतो. पुसदला आहे, दिग्रसला आहे, पैनगंगेपलीकडे हदगावातही असणारच. पण उमरखेडचा नमुना झाडावर पिकलेला आहे. बाकीचे आढीत घातलेले.

पोटापाण्यासाठी भाऊंचं कृषी केंद्र आहे. मागच्या गोदामात एका बाजूला खताची थप्पी, दुसऱ्या बाजूला पहिल्या कादंबरीच्या पाचशे प्रतींपैकी ज्या लग्नकार्यात आहेर म्हणून खपल्या नाहीत त्यांची थप्पी. गावातल्या प्रत्येक नव्या संसारात मिक्सरच्या शेजारी ही कादंबरी आहे, आणि दोन्हींपैकी वापर फक्त मिक्सरचा आहे. दुकानात आलेल्या एका शेतकऱ्यानं काउंटरवरचं पुस्तक हातात घेऊन विचारलेला प्रश्न भाऊ स्वतःच सांगतात.

"भाऊ, हे कितीचं हाय?"

"चारशे."

"अन् युरियाची गोणी?"

"266 रुपये 50 पैसे."

"गोणीत 45 किलो भरते. मंग यात असं काय टाकेल हाय?"

यावर उत्तर सुचलं नाही म्हणून भाऊंनी त्याला पुस्तक फुकट दिलं. तर त्या माणसानं 'युरियाबरोबर नको ती वस्तू गळ्यात मारतात, लिंकिंग करतात' अशी तोंडी तक्रार केली. मराठी समीक्षेनं त्या कादंबरीची घेतलेली ही एकमेव दखल.

भाऊंचा पोशाख हे एक संपादित पुस्तक आहे. खांद्यावरची शबनम सत्तरच्या दशकातल्या यच्चयावत कवींची, तेव्हा तिच्यावर कोणाचा हक्क नाही. कडक इस्त्री आणि खिशातून डोकावणारा रुमाल हा ना. सी. फडक्यांचा प्रांत. डोळ्यांवरचा काळा चष्मा जी. ए. कुलकर्ण्यांचा, म्हणजे चष्मा नांदेडचा, प्रेरणा जी. एं.ची. फरक इतकाच की जी. ए. धारवाडात त्या चष्म्याआड लोकांपासून लपायचे, आणि भाऊंनी चष्मा चढवला की आठवडी बाजारातली पोरंसोरंही 'कादंबरीवाले आले' म्हणून वाट करून देतात. जाकीट कुणाचं, हे विचारलं की भाऊ विषय बदलतात. ते मेहुण्याच्या लग्नातलं आहे.

"नेमाडे म्हणाले, हल्ली लेखकाचा लेखकराव होतो," भाऊ सांगतात. "आपलं उलटं झालं. लेखकराव आपण केव्हाच झालो. आता लेखक व्हायचं तेवढं राहिलं." हे ते इतक्या समाधानानं म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, राहिलेलं काम किरकोळ आहे, येत्या हंगामात उरकून टाकतील. नेमाड्यांशी त्यांचं नातं जुनं आहे. 'कोसला' आली 1963 साली आणि भाऊही त्याच सालचे. "एकाच वर्षाचं पीक," असं ते दोघांबद्दल म्हणतात.

शैली या विषयावर भाऊंना ऐकावं तर पानठेल्यावर. ठेलेवाला पन्नीवर सुपारी, तंबाखू, चुना घेतो, वर पाण्याचे दोन थेंब मारतो आणि तळहाताखाली ती पन्नी पुढं-मागं घोटायला लागतो. खर्र्याचा रंग पालटेपर्यंत भाऊंचं व्याख्यान चालतं. "पाहा, माल सगळ्यांकडं सारखाच. सुपारी तीच, चुना तोच. एकाचा खर्रा तोंडात विरघळतो अन् दुसऱ्याचा दाताखाली कचकचतो. काहून? घोटणं! शैली शैली म्हणतात ती दुसरी काय असते?" फडक्यांना जे सांगायला 1931 साली 'प्रतिभासाधन' हे अख्खं पुस्तक लागलं, ते भाऊ एका पुडीत संपवतात. बाजूला उभे असलेले दोन ऑटोवाले माना डोलावतात. त्यांना व्याख्यान पटलेलं असतं की पुडीतला वाटा हवा असतो, हे सांगणं अवघड.

हाच माणूस लिहायला बसला की मात्र त्याच्या जिभेला काय होतं, देव जाणे. 'काहून' म्हणणाऱ्या भाऊंच्या कादंबरीतला नायक 'का गं, अशी रुसलीस का?' असं विचारतो. तो बाजार समितीच्या आवारात, तुरीच्या पोत्यांमधून वाट काढत टेनिस खेळतो, कारण 'प्रतिभासाधन' वाचून पहिली कादंबरी लिहिताना टेनिसशिवाय नायक असतो हे भाऊंना पटेना. नायिकेला एप्रिलात गुलाबी थंडी वाजते. उमरखेडला एप्रिलात थंडी फक्त तापात वाजते. मी हे एकदा बोलून दाखवलं, तर भाऊंनी भूगोलाकडं बोट दाखवलं.

भूगोलाचं त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. उमरखेड विदर्भाच्या दक्षिण काठावर. जिल्ह्याचं गाव यवतमाळ लांब, नांदेड जवळ. आमदार निवडायचा तो यवतमाळ जिल्ह्यातला म्हणून, आणि खासदार निवडायला आम्ही हिंगोली मतदारसंघात. आजोबांच्या काळी तर पैनगंगेच्या अलीकडे इंग्रजांचा वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचं राज्य. नदी ओलांडली की खिशातला रुपयासुद्धा बदलायचा, तिकडे हाली शिक्का चालायचा. भाषेचीही तीच गत. "मी 'मले-तुले' लिहिलं तर नांदेडवाले म्हणतात हा वऱ्हाडी. नागपूरवाले म्हणतात, छे, ही तर मराठवाड्याची वाटते. मंग आपण डायरेक्ट पुण्याचीच लिहितो. तिथं तरी कोणी आपल्याला ओळखत नाही."

विक्षिप्त माणसांवर भाऊंचा फार जीव. दुसऱ्या कादंबरीसाठी त्यांनी गावातली सगळी तऱ्हेवाईक मंडळी हेरून ठेवली आहेत. एक जण नांदेड-यवतमाळ मार्गावरच्या यष्टीच्या वेळा पंचांगासारख्या तोंडपाठ म्हणतो. स्वतः मात्र कुठं जात नाही. दुसऱ्याकडं पत्र्याच्या पेटीत चाळीस वर्षांच्या अर्जांच्या नकला आहेत, आणि कोणता अर्ज कशासाठी केला होता हे आता त्यालाही सांगता येत नाही, तरी स्मरणपत्रं नेमानं जातात. तिसरा सहस्रकुंडच्या धबधब्याला पहिलं पाणी केव्हा येणार यावर पैजा लावतो आणि हरला की पावसाला दोष देतो. भाऊंनी तिघांनाही 'तुम्ही माझ्या कादंबरीत आहात' असं सांगण्याची घाई केली, आणि तेव्हापासून पात्रांचा जाच सुरू झाला. वेळापत्रकवाल्याला आपलं प्रकरण पहिलं हवं. अर्जवाल्यानं त्या मागणीचा रीतसर अर्ज दिला, दोन प्रतींत. पैजवाला विचारतो, "मी मरतो का शेवटी? मरत असलो तर आधी सांगा, घरी सांगावं लागल." या सगळ्यांत आपणच तेवढे सरळ, अशी भाऊंची प्रामाणिक समजूत आहे. काळा चष्मा पुसत पुसत ते हे सांगतात.

लेखकानं कसं जगावं, याबाबत भाऊंचं दैवत म्हणजे यवतमाळचे भाऊसाहेब पाटणकर. कोर्टात वकिली, जंगलात वाघाची शिकार, मैफलीत मराठी शायरी. एका माणसानं तीन आयुष्यं उपभोगली. "आधी शौक, मग साहित्य," हा भाऊंनी त्यातून काढलेला धडा. शिकारीला 1972 च्या कायद्यानं बंदी आली, नाहीतर पैनगंगा अभयारण्य आमच्याच तालुक्यात आहे, भाऊंनी काहीतरी केलं असतं. एकदा ते मित्राच्या गाडीतून खरबीच्या बाजूला 'अनुभव घ्यायला' गेले आणि संध्याकाळपर्यंत एक रोही बघून आले. ठेल्यावर पोचेतो त्या रोह्याला पट्टे फुटले होते.

संस्कृतीशी त्यांचा थेट संबंध दोनदा आला, दोन्ही वेळा यवतमाळला. 1973 च्या साहित्य संमेलनात, गदिमा अध्यक्ष असताना, दहा वर्षांचे भाऊ मामाच्या खांद्यावर बसून मंडपात गेले होते. दहा वर्षांचा मुलगा खांद्यावर घेणाऱ्या मामाविषयी मला जास्त ऐकायचं आहे, पण भाऊ गदिमांवरच राहतात. दुसऱ्यांदा 2019 चा जानेवारी, अरुणा ढेरे अध्यक्ष. उद्घाटनाचं नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागं घेतल्यावरून राज्यभर गदारोळ उठला, कैक लेखकांनी जायचं नाकारलं, आणि शेवटी वैशाली येडे या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरच्या बाईनं मंचावरून उद्घाटन केलं. भाऊंचं स्वतःचं मत ठरलं होतं. "त्यांना बोलावून नको म्हटलं म्हणून लोक चिडले. मला तर कोणी बोलावलंच नव्हतं. मी कशावर चिडणार?" ते गेले. कादंबरीकारांसाठी मोकळा मंच नव्हता, होता तो कविकट्टा. भाऊंनी कादंबरीतला एक परिच्छेद घेतला, दर तीन शब्दांनी ओळ तोडली आणि मुक्तछंद म्हणून वाचून टाकला. टाळ्या पडल्या. वैशालीताईंचं भाषण ऐकून मात्र परतीच्या गाडीत ते बराच वेळ काही बोलले नाहीत, असं बरोबरचे सांगतात. भाऊ गप्प बसल्याची नोंद एवढीच.

पुढं डॉक्टर आले. रक्तात साखर निघाली आणि खर्रा, जिलेबी, मिरचीभजी, दुपारची झोप असं सगळं एका चिठ्ठीत बंद झालं. भाऊंनी चिठ्ठी शबनममध्ये ठेवली आणि बंद झालेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कादंबरीतल्या नायकाला देऊन टाकली. पहिलीतून तसाच उचललेला, टेनिस खेळणारा तो फिक्कट तरुण एका प्रकरणात बदलला. तो सकाळी उठून गरम जिलेबी खातो, तीही कढईजवळ उभ्यानं, कागदातून बोटांवर पाक ओघळेस्तोवर. दुपारी शेतावर जातो. गोवऱ्यांच्या आरातून रोडगा काढतो, राख झटकायला या हातातून त्या हातात उडवतो, मुठीनं फोडतो, आणि आतल्या पदरापदरातून वाफ निघते त्यात तुपाची वाटी उपडी करतो. मग वांग्याची भाजी. मग बाजेवर आडवा. ही पानं भाऊंनी मला दुकानात, बिलबुकाच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली, वाचून दाखवली. त्यात 'काहून' होतं. 'आर' होता. आंगठ्याला चटका बसल्यावर नायकानं घातलेली शिवी पण होती, आणि ती पुण्याची नव्हती. "हे काही खरं नाही," भाऊ कसनुसं हसत म्हणाले, "हे आपलं भुकेच्या तावात उतरलं. शैली नाही यात." मी गप्प राहिलो, चांगली पानं सुधारायला लावण्याचं पाप कोण करणार?

घरात या हस्तलिखिताची खरी वाचक एकच. वहिनी साहित्य वाचत नाहीत, तपासणीचा रिपोर्ट वाचतात. नायकानं लागोपाठ दोन पानांवर रबडी खाल्ली, की त्या स्वयंपाकघरातला साखरेचा डबा हलवून बघतात. डबा जिथल्या तिथं असला तर शेजारी चौकशी करतात. एकदा नायक अचानक तृप्त होऊन नदीकाठी हिंडायला लागला, भुकेचा उल्लेखच नाही. वहिनींनी त्याच संध्याकाळी जाकिटाचा आतला खिसा उलटा केला आणि मिठाईच्या दुकानाचा कागद काढून टेबलावर ठेवला. "अहो, तुमचा नायक आज जेवला नाही. मग कोण जेवलं?" इतकं बारीक वाचन विद्यापीठात होत नाही.

कादंबरी मात्र पुढं सरकत नाही, आणि त्याला कारण रेल्वे खातं आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा 284 किलोमीटरचा मार्ग 2008-09 च्या अर्थसंकल्पात मंजूर झाला. तो उमरखेडवरून जाणार म्हटल्यावर भाऊंनी त्याच आठवड्यात तिसरं प्रकरण काढलं: नायिका आगगाडीनं उमरखेड स्टेशनवर उतरते, फलाटावर वाफेसारखं धुकं, नायक हातात रुमाल घेऊन उभा. स्टेशन झाल्यावर बारकावे भरू, म्हणून प्रकरण थांबवलं. ते थांबलंच. नायिका वर्ध्याला बसून राहिली. मध्ये एकदा मी सुचवलं, यष्टीनं आणा. भाऊ म्हणाले, "यष्टीतून उतरणारी नायिका धुळीनं माखलेली असते. अन् धुकं कुठून आणू, सायलेन्सरमधून?"

मग फेब्रुवारी 2024 मध्ये वर्धा ते कळंब एवढ्या टप्प्यावर गाडी धावली. भाऊंनी त्या रात्री दुकान लवकर बंद केलं आणि नायिकेला कळंबपर्यंत आणून सोडलं. सध्या ती तिथंच आहे. कळंबला चिंतामणीचं देऊळ आहे, तेव्हा वेळ जायला अडचण नाही; भाऊंनी तिला चांगली पाच-सहा पानं दर्शनाच्या रांगेत उभी केली आहे. इकडे उमरखेडात नायक तिची वाट पाहतो आहे, म्हणजे खातो आहे. परवाच्या मजकुरात तो हुरड्यावरून पुरणपोळीवर आला. वहिनींनी पानं पुरी वाचली, चष्मा काढला आणि भाऊंसमोर ठेवून म्हणाल्या:

"तिला म्हणा, रेल्वेची वाट नको पाहू, कळंबहून सरळ यष्टीनं ये. ह्याची शुगर वाढून राह्यली."