आगामी काका

आमच्या डोंबिवलीतल्या काकांना ‘काय चाललंय?’ असं विचारू नये. ‘पुढच्या शनिवारी...’ असंच उत्तर येतं. चालू कार्यक्रमात त्यांचा जीव रमत नाही. स्टेजवर गायक षड्ज लावत असतो तेव्हा काका शेजाऱ्याच्या कानात कोजागिरीची वेळ सांगत असतात. आयुष्यभर लोकलने नोकरी केलेला माणूस. ठाणं येताना दाराशी सरकायचं ते कुर्ल्याच्या तयारीने.

आमच्या मंडळाची वेबसाइट मी सांभाळतो. तिच्यावर ‘आगामी कार्यक्रम’ असा चौकोन हवा, हा हट्ट त्यांचाच. नातवाकडून कॅलेंडर एक्स्पोर्ट करवून घेतलं आणि आयसीएस फाइलचा पेनड्राइव्ह चष्म्याच्या घरात ठेवून माझ्याकडे आणला. फाइल नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. वर ‘बिगिन’, खाली ‘एंड’, मध्ये प्रत्येक कार्यक्रमाचं पुन्हा बिगिन-एंड. काका हरखले. “अरे, हे तर आपलं इतिवृत्त! फक्त आभारप्रदर्शन राहिलंय.”

फाइलची ही पद्धत 1998 सालची, असं मी सांगितलं.

“म्हणजे आपल्या पाडव्याच्या शोभायात्रेहून एका वर्षानं मोठी,” काका म्हणाले. यात्रा 1999ची. असले हिशेब त्यांना बोटं न मोजता येतात.

पहिल्याच आठवड्यात संध्याकाळी सहाचं गायन साइटवर दुपारी साडेबाराला लागलं. फाइलमध्ये वेळ ग्रीनिचची असते, आकड्यांच्या शेवटी झेड. त्यात साडेपाच तास मिळवायचे मीच विसरलो. सात जण भर उन्हात बंद हॉलसमोर उभे. काकांनी त्यांनाच झापलं, “गाडी साडेपाच तास आधी आली, तर तक्रार कसली करता?”

मग पाडवा. 2023मध्ये तो 22 मार्चला होता, काकांनी ‘दर वर्षी’वर टिचकी मारून ठेवली. 2024मध्ये पाडवा 9 एप्रिलला, साइटवर मात्र गुढी 22 मार्चलाच उभी. काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बोट केलं. “साळगावकर 1973पासून तिथी छापतायत. तुझ्या यंत्राला अजून चंद्र दिसला नाही?”

एक्स्पोर्ट केलेली फाइल म्हणजे फोटो. काढल्यानंतर कॅलेंडरमध्ये काय बदललं, ते तिला कळत नाही. त्यामुळे फडके रोडची फेरी झाली की काका रोज पेनड्राइव्ह घेऊन हजर. शेवटी मी म्हटलं, “काका, कॅलेंडरची लिंकच देऊन टाका. साइट आपली आपण वाचत राहील.”

काकांनी चहाची बशी खाली ठेवली. “मग मी यायचं कशाला?”

विषय तिथेच मिटला.

मोठा घोळ व्याख्यानमालेत झाला. शुक्रवार ते रविवार असा दिवसभराचा कार्यक्रम नोंदवला, की फाइलमध्ये शेवटाची तारीख सोमवारची पडते. तो सोमवार मोजायचा नसतो. माझ्या चौकोनाने मोजला. सोमवारी दोन श्रोते आले, त्यातल्या एक आजी वही-पेन घेऊन. वक्ता नाही, माइकवाला नाही. किल्ली तेवढी काकांच्या खिशात.

काकांनी हॉल उघडला, पंखा लावला, दोघांना पहिल्या रांगेत बसवलं आणि सव्वा तास बोलले. विषय : पुढच्या वर्षीची व्याख्यानमाला.