नाशिक ते न्यूयॉर्क : अंतर काढण्याची घरगुती रीत

नाशिक ते न्यूयॉर्क किती लांब? मोबाईल लगेच सांगतो : साडेबारा हजार किलोमीटर, १६ तास. जणू विमान नाशिकच्या गंगापूर रोडवरूनच सुटतं. या आकड्यावर विसंबून घराबाहेर पडू नये.

साहित्य : पृथ्वीगोल, दोरा, वजनकाटा आणि गाडीवाला एक सोशिक मामा.

विमान मुंबईहून सुटतं, म्हणून दोऱ्याचं एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणा. दोरा अरबस्तानावरून नीट पश्चिमेला जायचं सोडून वर चढतो. रशिया, आइसलंड ओलांडून ग्रीनलंडचं शेपूट घासत कॅनडातून खाली उतरतो. आजोबा म्हणतील, ‘एवढा वळसा कशाला?’ त्यांना सांगा, गोल वस्तूवर हाच जवळचा रस्ता. वैमानिक तोही जसाच्या तसा धरत नाही. कुठे आकाश बंद असतं, कुठे वारा आडवा येतो. उंचावरचा जोराचा वारा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो, म्हणून येताना तास-दीड तास वाचतो. तो पुढे भिवंडीच्या कोंडीत खर्च होतो.

घड्याळाचं गणित सोपं आहे. नाशिक ग्रिनिचच्या पूर्वेला सुमारे ७४ अंश, न्यूयॉर्क पश्चिमेला तेवढंच. अंशाला ४ मिनिटं धरली तर सूर्याच्या हिशेबाने फरक १० तासांना थोडा कमी. सरकारी घड्याळात मात्र तो उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. आत्या दोन्ही ऋतूंत न्यूयॉर्कच्या पहाटे तीनलाच फोन करते.

आता बॅगा. आधी काट्यावर स्वतः उभं राहा, मग बॅग उचलून. वजाबाकी २३ किलोच्या आत हवी. ती २६ येते. मेतकूट काढा; आई दुसऱ्या बाजूने कुरडया भरते. चिवड्याच्या पाकिटांना हात लावायचा नाही, ती शेजाऱ्यांच्या मुलाची आहेत. शेवटी जीन्स काढाव्यात.

खरा प्रवास मात्र मुंबईच्या सहार विमानतळापर्यंतचे १७० किलोमीटर. इथे अंतराला अर्थ नाही, कुठल्या वेळी निघालात त्याला आहे. २०२५च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. मामा तरीही घाटातूनच नेतो, कारण वडापाव जुन्या रस्त्यावर आहे. मोबाईल तीन तास म्हणाला तर पाच धरा. ठाण्याजवळ साकेत पुलावर ट्रकांची रांग दिसली तर काहीच धरू नका, बाबांचा रक्तदाब तेवढा धरा.

एवढी धास्ती घेतल्यावर साहजिकच आपण सहारला विमानाच्या सहा तास आधी पोचतो. आई डोळे पुसते, बाबा पार्किंगची पावती शोधतात, आणि गाडी रात्रीच्या मोकळ्या रस्त्याने परत फिरते.

‘आम्ही घरी पोचलो गं. कुठवर आलीस?’

‘गेटपाशीच बसलेय, आई. अजून विमानच लागलं नाहीये.’