स्टॅम्पपेपरवर सही करू नका

ट्रकच्या अपघातात घरातला माणूस जातो. तेरावं उरकतं न उरकतं तोच ट्रकमालकाचा माणूस दारात हजर होतो. सोबत गावातला एखादा वजनदार पुढारी, टाइप केलेला स्टॅम्पपेपर आणि पाकीट. "झालं ते वाईटच झालं. पण कोर्टात चपला झिजतील. दोन लाख घ्या, विषय मिटवा." हातावर पोट असलेल्या घराला दोन लाख मोठे वाटतात. सही होते.

ही सही करू नका.

हिशेबच मांडू. समजा, गेलेला माणूस 35 वर्षांचा गवंडी. कमाई महिन्याला 15 हजार. मागे बायको, दोन मुलं, म्हातारी आई. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या निकालांत हिशेबाची रीत घालून दिली आहे. कमाई पुढे वाढली असती, म्हणून 40 टक्के मिळवा : 21 हजार. वर्षाचे 2 लाख 52 हजार. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करा : 1 लाख 89 हजार. या वयाचा गुणक 16. झाले 30 लाख 24 हजार. अंत्यविधीचा खर्च वगैरे वेगळाच. आणि पाकिटात दोन लाख!

"ड्रायव्हरकडे लायसन नव्हतं, ट्रकच्या विम्यातून काही मिळायचं नाही," अशी भीती घालतात. घाबरू नका. स्वर्णसिंग निकालाने (2004) वाट दाखवली आहे : अशा वेळीही मोटार अपघात दावा न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावू शकतं, मग कंपनी ती मालकाकडून वसूल करते. गेली ती घर सांभाळणारी बाई असेल, तर "तिची कुठे कमाई होती?" असं विचारतात. तिच्या घरकामालाही पैशात मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये कीर्ती खटल्यात पुन्हा ठणकावून सांगितलं.

पळवाटा शोधणाऱ्यांचं फावतं ते आपल्या उशिरामुळे. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी 48 तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला द्यायचा, असा 2022 पासून नियम आहे. तो गेला का, हे ठाण्यात जाऊन विचारा. एफआयआर, पंचनामा, पीएम रिपोर्ट यांच्या प्रती मागून घ्या. दावा राहत्या जिल्ह्यातही लावता येतो. दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर थांबू नका. ट्रक पळून गेला आणि सापडलाच नाही, तरी मृत्यूसाठी 2 लाखांची सरकारी योजना आहे. अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे.

आणखी एक. "भरपाईतले इतके टक्के माझे," असं म्हणणाऱ्या वकिलाला नमस्कार करून परत पाठवा. निकालावर बेतलेली अशी फी बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. बायका, मुलं आणि गरिबांना तिथे मोफत वकील मिळतो.

हे सगळं दुःखात बुडालेल्या घराने एकट्याने करावं, ही अपेक्षाच निर्दयी आहे. म्हणून गावात ज्याला चार कागद कळतात, त्याने सांत्वनाला जाताना एवढं जरूर विचारावं : एफआयआरची प्रत हातात आली का? नसेल, तर उद्या सकाळी त्यांच्यासोबत ठाण्यात जावं.