नावाचं भाडं

सहकारी बँकेच्या कर्ज विभागात उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला ९९ रुपयांत काही मिळतंय म्हटल्यावर आधी संशय यायला हवा. मला हुरूप आला. 'पहिलं वर्ष फक्त ९९' अशी ती जाहिरात होती. "सही करण्याआधी बारीक अक्षरं वाचा हो," असं जन्मभर कर्जदारांना बजावणाऱ्या मला त्यातलं 'पहिलं वर्ष' दिसलंच नाही, आणि ते तर चांगलं ठळक होतं.

निमित्त भाच्याचं. तो हिंजवडीत असतो. "मामा, तुम्ही एवढे दिवाळी अंकांत लिहिता, तुमच्या नावाचं डोमेन नको?" लिहितो हे खरं, छापून येतं ते त्या मानाने कमी. पण साभार परत आलेले लेख ठेवायलाही कुठे तरी जागा हवीच होती.

माझ्या नावाचं डॉट कॉम गेलेलं होतं. उघडून पाहिलं तर अमेरिकेतला एक दातांचा डॉक्टर. नाव माझं, आडनाव माझं, केस मात्र त्याला भरपूर. मग मी नावापुढे 'लेखक' जोडलं. ते मात्र लगेच मिळालं, कुणाला नकोच होतं. एकदा चटक लागल्यावर रात्री झोप येईना. हिचा कांदा-लसूण मसाला अख्ख्या साताऱ्यात, म्हणजे आमच्या सोसायटीच्या दोन्ही विंगांत, नावाजलेला. उद्या धंदा वाढला तर? घेतलं मसाल्याचं डॉट ऑनलाइन. हिला विचारायचं राहिलं.

मराठीचा अभिमान म्हणून डॉट भारतही घेतलं. २०१४ पासून देवनागरीत पत्ता मिळतो, आणि स्वतःचं नाव असं मराठीत पाहून ऊर भरून येतो. पण यंत्राच्या पोटात ते इंग्रजी 'एक्स', 'एन', दोन आडव्या रेघा आणि पुढे अक्षरांचा काला असं साठवलेलं असतं. मी साहित्यप्रेमी मित्रांना पत्ता पाठवला, तो काहींच्या फोनवर तसाच उमटला. गोळ्यांच्या पाकिटावरच्या बॅच नंबरासारखा. एका ज्येष्ठ कवीने मला तातडीने फोन करून पासवर्ड बदलायला सांगितला.

बिलावर गोपनीयता, ईमेल, कसलंसं सुरक्षा कवच आणि या सगळ्यावर १८ टक्के जीएसटी चढून ९९ चे दोन हजारांवर गेले. तक्रार कुठल्या तोंडाने करणार? बँकेत मी हेच 'प्रोसेसिंग चार्जेस' म्हणून हसतमुखाने समजावत असे.

खरी मजा वर्षभराने, रिन्यूअलची मेल आल्यावर. लेखकाचे चौदाशे आणि मसाल्याचे तीन हजारांवर, कर वेगळा. तेव्हा कुठे मी हिशोब मांडला. डॉट कॉमची सगळी वही व्हेरिसाइन नावाच्या एका अमेरिकन कंपनीकडे असते. नाव कुणीही विको, तिला वर्षाला ठरावीक रक्कम द्यावीच लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये ती १० डॉलर २६ सेंट झाली. म्हणजे ९९ रुपयांत नाव देणारा पहिल्या वर्षी खिशातून भर घालत होता, आणि तो ती कुणाकडून वसूल करणार हे बँकेच्या शिपायानेही सांगितलं असतं. एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांचे पैसे भरता येतात. नाव कायमचं विकत मिळतच नाही. आमच्या तीर्थरूपांनी बारशाला फक्त पेढे वाटले होते.

पूर्वी हे फुकट होतं, हे वाचून तर जिवाचा संताप झाला. पहिलं डॉट कॉम नोंदलं गेलं १९८५ च्या मार्चमध्ये, सिम्बॉलिक्स या कंपनीचं. पुढची दहा वर्षं नावाला छदाम पडत नव्हता. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि सप्टेंबरात तिकडे दोन वर्षांचे १०० डॉलर लागू झाले. आम्ही पंगतीत बसलो आणि वाढप्याने बिल आणलं.

भाचा म्हणाला, "मामा, नाव सोडू नका, लोक टपलेले असतात." आणि त्याने सन्मय वेद यांची गोष्ट सांगितली. कच्छमधल्या मांडवीच्या या तरुणाला २०१५ मध्ये चक्क गूगल डॉट कॉम १२ डॉलरला विकत मिळालं होतं. मालकी मिनिटभरच टिकली. गूगलने त्यांना ६००६.१३ डॉलर बक्षीस दिले. ती रक्कम ते दान करणार म्हटल्यावर ती दुप्पट केली. मी ही गोष्ट हिला रंगवून सांगितली. "अहो, ते गूगल," ही म्हणाली. "तुमचं नाव पळवून कुणाला काय मिळणार?"

हा अपमान जिव्हारी लागला. ठरवलं, पैसे भरायचे नाहीत, बघू कोण झडप घालतं! मुदत संपल्यावर आधी काही आठवडे सवलतीचे, मग ३० दिवस जबर दंड भरून सोडवून घेण्याचे, शेवटी ५ दिवस नाव नुसतं लटकलेलं. त्यानंतर ते मोकळं होतं, आणि चांगल्या नावावर दलालांची यंत्रं क्षणात तुटून पडतात. माझं नाव मोकळं होणार होतं त्या रात्री मी जागाच होतो. माझ्या नावावर जुगाराचा अड्डा निघाला तर नातेवाइकांना काय सांगायचं, हेही मनाशी घोळवून ठेवलं होतं. खोटं कशाला बोलू, थोडी आशाच होती.

कुणी आलं नाही. आठवडा गेला, महिना गेला. जुगारवाल्यांनाही माझं नाव नको होतं. नाव विकणाऱ्याच्या पानावर खाली एक सूचना मात्र झळकत होती: 'यापेक्षा लक्षात राहणारी नावं पाहा.'

एवढ्यात हिच्या फोनवर बँकेचा मेसेज वाजला. घेताना कार्ड हिचं वापरलं होतं. लेखकाचं आपोआप रिन्यूअल मी बाणेदारपणे बंद केलं होतं. मसाल्याचं चालूच राहिलं होतं.

"हे साडेतीन हजार कशाचे?"

मी सगळं सांगितलं. ही काही बोलली नाही. आत गेली, संकेश्वरी मिरचीचं पोतं ओढत बाहेर आणलं आणि माझ्यापुढे वर्तमानपत्र पसरलं. "परवा कांडपाला द्यायचीय. देठं खुडायला लागा. आणि तो हात डोळ्यांना लावू नका."